दोष सेलचा की तारेचा?

हॉस्टेलमध्ये राहिलेल्या प्रत्येकाला एक प्रयोग पाठ असतो. (रेक्टर मॅडमनी हा परिच्छेद वाचला नाही तरी चालेल!) बादलीत पाणी तापवायचा रॉड सोडायचा, प्लग लावायचा आणि वाट बघत बसायचं. अर्ध्या तासानेही पाणी कोमटच, पण प्लगला हात लावला तर चटका बसतो. वीज गेली कुठे? सॉकेटच्या ढिल्या पत्रीत. आपण मात्र रॉडला नावं ठेवतो आणि बाजारातून नवा रॉड आणतो.

गेल्या उन्हाळ्यात मी एका संशोधन संस्थेत सहा आठवडे इंटर्नशिप केली आणि नेमकी हीच चूक ८०० अंश सेल्सिअसला केली. त्या चुकीची किंमत माझ्या एका सीनियर ताईला मोजावी लागली, म्हणून हा लेख लिहायला घेतला. विषय आहे सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेल, थोडक्यात एसओएफसी, आणि त्यातल्या इलेक्ट्रोड व करंट कलेक्टरची मटेरियल्स. टेक्निकल शब्द जसे लॅबमध्ये बोलतो तसेच ठेवले आहेत. भाषाप्रेमींनी क्षमा करावी.

सेलच्या पोटात काय चालतं?

फ्युएल सेल म्हणजे इंधन ज्वाळेत न जाळता त्यातून थेट वीज काढणारं साधन. बॅटरी संपते, पण फ्युएल सेलला इंधन आणि हवा पुरवत राहिलं की वीज मिळत राहते. एसओएफसीमध्ये मधला थर, म्हणजे इलेक्ट्रोलाइट, चक्क सिरॅमिकचा असतो. झिर्कोनियात थोडा यिट्रिया मिसळून तो बनवतात. त्याला वायएसझेड म्हणतात. साध्या तापमानाला हा इन्सुलेटर. पण ७००-८०० अंशांपर्यंत तापवला की त्याच्या स्फटिकातल्या रिकाम्या जागांमधून ऑक्सिजनचे आयन सरकू लागतात. इलेक्ट्रॉनना मात्र तो वाट देत नाही.

हवेच्या बाजूला कॅथोड असतो. तिथे ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेऊन आयन बनतो. हे आयन इलेक्ट्रोलाइटमधून पलीकडे अ‍ॅनोडपाशी जातात, हायड्रोजनला भेटतात, पाण्याची वाफ तयार होते आणि इलेक्ट्रॉन मोकळे होतात. ते बाहेरच्या तारेतून फिरून परत कॅथोडला येतात. बाहेरून फिरणारे हे इलेक्ट्रॉन म्हणजेच आपली वीज. ८०० अंशांना एका बाजूला किंचित दमट हायड्रोजन आणि दुसऱ्या बाजूला हवा असेल, तर लोड न जोडता एका सेलचे सुमारे १.१ व्होल्ट मिळतात.

ही कल्पना नवी नाही. १९३७ साली झुरिकमध्ये एमिल बाउर आणि हान्स प्राइस यांनी १००० अंशांच्या आसपास असा सेल चालवून दाखवला होता. तेव्हा अडलं ते मुख्यतः इलेक्ट्रोलाइटपाशी, कारण त्याचा रेझिस्टन्स फार होता. आज ती अडचण बरीच दूर झाली आहे. एक छोटं गणित करू. ८०० अंशांना वायएसझेडची कंडक्टिव्हिटी सुमारे ०.०३ सीमेन्स प्रति सेंमी धरा. थर १५० मायक्रॉन जाड असेल तर १ चौ. सेंमी सेलचा रेझिस्टन्स होतो ०.०१५ ÷ ०.०३ = ०.५ ओहम. तोच थर १० मायक्रॉनचा केला की उरतो फक्त ०.०३ ओहम! म्हणून आता अ‍ॅनोडच जाड करतात आणि इलेक्ट्रोलाइटचा पातळ थर त्यावर देतात.

मग उरलेला तोटा कुठे होतो? इलेक्ट्रोडमध्ये आणि जोडांमध्ये. तिकडेच जाऊ.

अ‍ॅनोड : निकेलचे गुण आणि नखरे

आमच्या गावाकडे तीन रस्ते मिळतात त्या जागेला तिठा म्हणतात. इलेक्ट्रोडमध्येही एक तिठा असतो. गॅस, इलेक्ट्रॉन आणि आयन हे तिघे जिथे एकत्र येतात तिथेच रिअ‍ॅक्शन होते. पुस्तकात त्याला ट्रिपल फेज बाउंडरी म्हणतात. चांगला इलेक्ट्रोड म्हणजे असे तिठे जास्तीत जास्त असलेला इलेक्ट्रोड.

अ‍ॅनोडसाठी निकेल आणि वायएसझेड यांचं मिश्रण वापरतात. निकेल इलेक्ट्रॉन वाहून नेतं आणि हायड्रोजनची रिअ‍ॅक्शनही घडवतं. वायएसझेड आयनांना वाट देतं, आणि गरम निकेलचे कण एकमेकांना चिकटून मोठे होऊ नयेत म्हणून सांगाड्यासारखं उभं राहतं. दुसरं कारण प्रसरणाचं. एका अंशाला वायएसझेड दशलक्षात सुमारे १०.५ भाग वाढतं, तर निकेल १६-१७ भाग. नुसतं निकेल लावलं तर तापवता-थंडवताना ते सुटून येईल. पण वायएसझेड जास्त झालं तर निकेलच्या कणांची साखळीच तुटते. साखळी अखंड राहायला निकेल आकारमानाने साधारण ३० टक्के तरी लागतं.

गंमत म्हणजे अ‍ॅनोड तयार करताना त्यात निकेल नसतं, निकेल ऑक्साइड असतं. भट्टीत हायड्रोजन सोडला की त्यातला ऑक्सिजन निघून जातो, निकेल उरतं आणि गॅस जायला छिद्रंही आपोआप होतात. पण उलटंही घडू शकतं. सेल गरम असताना हायड्रोजन बंद पडला आणि हवा आत शिरली, तर निकेलचं पुन्हा ऑक्साइड होतं आणि ते जवळजवळ ७० टक्क्यांनी फुगतं. पातळ इलेक्ट्रोलाइट बिचारा तडकतो! मंगळावर पर्सिव्हिअरन्स रोव्हरमधल्या मॉक्सी या उपकरणाने २० एप्रिल २०२१ रोजी तिथल्या कार्बन डायऑक्साइडपासून ऑक्सिजन बनवला, तो याच जातीच्या सेलना उलट चालवून. तिथेही निकेलचं ऑक्साइड होऊ नये म्हणून तयार झालेल्या कार्बन मोनॉक्साइडचा काही भाग परत आत फिरवावा लागत होता.

निकेलचे आणखी दोन नखरे. हायड्रोकार्बन इंधन पुरेशा वाफेशिवाय दिलं तर त्यावर कार्बनची काजळी धरते. आणि सल्फर त्याला अजिबात चालत नाही, दशलक्षात काही भाग असला तरी ते सुस्त होतं. मेसच्या सिलिंडरचा जो उग्र वास येतो तो मुद्दाम घातलेल्या सल्फरयुक्त मरकॅप्टनचा. म्हणजे तो गॅस आधी साफ केल्याशिवाय या सेलला देता येणार नाही.

कॅथोड : दोन उमेदवार

कॅथोडला गरम हवेत राहायचं असतं, त्यामुळे स्वस्त धातू बाद. तिथे ऑक्साइडच लागतं. जुना आणि भरवशाचा उमेदवार एलएसएम, म्हणजे लँथनम स्ट्रॉन्शियम मँगनाइट. त्यातून इलेक्ट्रॉन चांगले जातात, आयन जवळजवळ नाहीत. म्हणून त्याचं काम फक्त तिठ्यावर चालतं, आणि ८०० अंशांखाली ते मंदावतं. दुसरा उमेदवार एलएससीएफ, म्हणजे लँथनम, स्ट्रॉन्शियम, कोबाल्ट आणि लोह यांचं ऑक्साइड. यातून इलेक्ट्रॉन आणि आयन दोन्ही जातात. त्यामुळे तिठ्याची वाट न बघता त्याचा सगळा पृष्ठभाग कामाला येतो. पण वायएसझेडशी त्याचं पटत नाही. दोघांच्या मध्ये स्ट्रॉन्शियम झिर्कोनेटचा अडसर तयार होतो, म्हणून मध्ये सेरियाचा एक पातळ थर द्यावा लागतो.

आता मुख्य मुद्दा. एलएसएम चांगला कंडक्टर म्हणतात, पण कशाच्या तुलनेत? सच्छिद्र थराची कंडक्टिव्हिटी १०० सीमेन्स प्रति सेंमी आणि जाडी ५० मायक्रॉन धरली, तर त्या थराच्या कुठल्याही चौकोनी तुकड्याचा एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंतचा रेझिस्टन्स २ ओहम येतो. म्हणजे करंटला थरातून उभं जायला काहीच त्रास नाही, पण आडवं जायला लावलं की तो दमतो. यावर उपाय एकच. कॅथोडवर जागोजागी टेकणारी धातूची जाळी. हाच करंट कलेक्टर!

करंट कलेक्टर : सोनं, चांदी की प्लॅटिनम?

अ‍ॅनोडच्या बाजूला काम सोपं आहे. हायड्रोजनमध्ये निकेल धातूच राहतं, त्यामुळे निकेलची जाळी किंवा निकेल फोम चालतो. पण हवेत त्याच निकेलचं ऑक्साइड होणार. म्हणून लॅबमध्ये कॅथोडवर मौल्यवान धातू वापरतात.

प्लॅटिनम १७६८ अंशांना वितळतं, टिकाऊ आहे, पण महाग आणि रेझिस्टन्स जास्त. आपल्या इन्स्ट्रुमेंटेशन लॅबमधला पीटी-१०० आठवा. शून्य अंशाला १०० ओहम दाखवणारा तो सेन्सर ८०० अंशांना ३७५.७ ओहम दाखवतो. ज्या गुणामुळे प्लॅटिनम थर्मामीटर म्हणून चालतं, तोच गुण तार म्हणून अडचणीचा होतो. सोनं रिअ‍ॅक्शनमध्ये फारशी ढवळाढवळ करत नाही, पण १०६४ अंशांना वितळतं. चांदी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगली कंडक्टर, पण ९६२ अंशांना वितळते. ८०० अंशांनाही ती हळूहळू उडून जाते आणि कॅथोडच्या छिद्रांत शिरते. शिवाय तिच्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन दोन्ही विरघळतात. एका बाजूला इंधन आणि दुसऱ्या बाजूला हवा असेल तर चांदीच्या पोटातच ते भेटतात, वाफ होते आणि तिथे पोकळ्या पडतात.

आमच्याकडे चांदीची तार होती, ०.५ मिमी जाड. दोन्ही तारा मिळून भट्टीच्या गरम भागात ६० सेंमी. साध्या तापमानाला एवढ्या तारेचा रेझिस्टन्स साधारण ०.०५ ओहम. पण ८०० अंशांना चांदीचा रेझिस्टन्स चौपटीहून जास्त होतो, म्हणजे सुमारे ०.२ ओहम. वर आपण १० मायक्रॉनच्या इलेक्ट्रोलाइटचा किती काढला होता? ०.०३! म्हणजे १ चौ. सेंमीच्या सेलमध्ये इलेक्ट्रोलाइटपेक्षा तारेतच सहा-सात पट जास्त तोटा. हे गणित बारावीचं आहे, पण मी ते केलं नव्हतं.

माझी चूक

ताईने एलएससीएफचा नवा कॅथोड बनवला होता. पावडर बनवण्यापासून सिंटरिंगपर्यंत सगळं तिचं. तिच्या फेलोशिपचे शेवटचे काही महिने उरले होते. सेल भट्टीत बसवायचं काम तिने विश्वासाने माझ्यावर सोपवलं. मी कॅथोडवर चांदीची पेस्ट लावली, जाळी कापायला गेले, तिथे गप्पा झाल्या, परत आले आणि जाळी ठेवून दाबली. तोवर पेस्ट वाळली होती. मला ते जाणवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ८०० अंशांना ओपन सर्किट व्होल्टेज छान आलं, एकच्या वर. पण अर्धा अँपिअर घेतला आणि व्होल्टेज अर्ध्यावर आलं. मी लॉगबुकमध्ये लिहिलं : "कॅथोड खराब." दोन शब्द! ताईने ते वाचलं आणि एक शब्द न बोलता सिंटरिंगचं तापमान बदलून नवी बॅच करायला घेतली. तापवणं, अ‍ॅनोड रिड्यूस करणं, टेस्ट, थंड करणं यात एका सेलला तीन दिवस जातात. नवे दोन सेलही मीच त्याच पद्धतीने बसवले. तेही "खराब" निघाले. ताईचे पंधरा दिवस गेले. एका रात्री मेसमध्ये ती म्हणाली, "मला वाटतं विषयच चुकीचा घेतला मी." मी मान खाली घालून वरण-भात जेवत राहिले.

तिसरा सेल थंड झाल्यावर काढताना जाळी अलगद हातात आली. कॅथोडवर चांदीचा ठसा फक्त एका कडेला, जेमतेम एक तृतीयांश भागावर होता. बाकीच्या भागाला जाळी टेकलीच नव्हती. मी तो सेल तसाच ताईकडे नेला आणि म्हटलं, "ताई, कॅथोड खराब नाहीये. मी खराब लावलाय." ती आधी सेलकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. ओरडेल असं वाटलं होतं. तिने एवढंच विचारलं, "तारांचा रेझिस्टन्स तरी वजा केला होतास का?" तोही केला नव्हता.

मग आम्ही पहिल्या बॅचचा राहिलेला एकच सेल घेतला. पेस्ट ओली असतानाच जाळी बसवली, वर हलकं वजन ठेवलं आणि प्रत्येक बाजूला दोन अशा चार तारा जोडल्या. दोन तारांतून करंट, दोन तारांनी फक्त व्होल्टेज. व्होल्टेजच्या तारांतून करंट जवळजवळ जात नाही, त्यामुळे त्यांच्यात ड्रॉप होत नाही. अर्ध्या अँपिअरला व्होल्टेज ०.८ च्या वर राहिलं. कॅथोड पहिल्यापासून चांगलाच होता.

एक गोष्ट मला तेव्हा कळली. चार तारांनी तारेचा दोष जातो, जाळीचा नाही. जाळी नीट टेकली नसेल तर तो तोटा सेलच्याच नावावर जमा होतो. इम्पिडन्सचा ग्राफही तिथे फसवतो. हाय फ्रिक्वेन्सीला तो ज्या जागी अक्षाला छेदतो ती जागा इलेक्ट्रोलाइट, तारा आणि जोड यांची बेरीज सांगते, आणि पुढची अर्धवर्तुळं इलेक्ट्रोडची, असं आपण शिकतो. पण एक तृतीयांशच भाग काम करत असेल तर अर्धवर्तुळंही फुगतात आणि कॅथोडच मंद आहे असं वाटतं.

उलटा धोकाही आहे. चांदी आणि प्लॅटिनम दोन्ही ऑक्सिजनच्या रिअ‍ॅक्शनला मदत करतात. कॅथोडमध्ये पेस्ट भरपूर मुरली तर सामान्य कॅथोडही हुशार दिसतो! म्हणजे कलेक्टर चांगल्या मटेरियलला नापास करू शकतो आणि कच्च्याला पासही.

लॅबच्या बाहेर

प्रत्यक्ष वीज बनवायची तर एक सेल पुरत नाही, अनेक सेल एकावर एक रचून स्टॅक करतात. तिथे चांदीची जाळी परवडणार नाही. दोन सेलच्या मध्ये इंटरकनेक्टची प्लेट असते. ती एका सेलचा करंट गोळा करून पुढच्या सेलला देते आणि इंधन व हवा वेगळी ठेवते. वेस्टिंगहाऊसने नळीच्या आकाराचे सेल बनवले. १९९७ च्या अखेरीस नेदरलँड्समधल्या वेस्टरफोर्ट इथे त्यांचा १०० किलोवॉटचा संच सुरू झाला. पण २२ मिमी व्यासाच्या त्या नळीत करंटला अर्धा परीघ, म्हणजे साडेतीन सेंमी, कॅथोडमधून आडवं चालावं लागे. वर पाहिलेला २ ओहमचा चौकोन आठवा, म्हणजे नळीची भिंत जाड का ठेवावी लागली ते कळेल.

सपाट सेलमध्ये हे अंतर नाही, पण तिथे प्लेट स्टीलची असते आणि स्टील म्हटलं की क्रोमियम. गंज थोपवणारा क्रोमियम ऑक्साइडचा थर गरम हवेत थोडाथोडा वाफ होऊन उडतो. हवा दमट असेल तर आणखी जास्त, म्हणजे कोकणातल्या जुलैत विचारूच नका! ही वाफ कॅथोडवर बसते आणि तिठे बुजवते. म्हणून क्रोफर २२ एपीयूसारखी खास स्टील वापरतात. त्यातल्या मँगनीजमुळे वर स्पिनेलचा थर धरतो. त्यावर मँगनीज-कोबाल्ट ऑक्साइडचं कोटिंगही देतात. जर्मनीतल्या युलिश इथल्या संशोधन केंद्रात २००७ मध्ये सुरू केलेला एक छोटा स्टॅक ७०० अंशांना चालत २०१९ मध्ये एक लाख तासांपर्यंत पोचला. अकरा वर्षांहून जास्त! सेल आणि जोड दोन्ही सांभाळले तर काय होऊ शकतं ते यातून दिसतं.

पुढच्या बॅचसाठी चार सूचना

१. सेल बसवण्याआधी त्याच तारा एकमेकींना जोडून, त्याच तापमानाला त्यांचा रेझिस्टन्स मोजा.

२. चार तारांनी मोजा, आणि जाळी पेस्ट ओली असतानाच बसवा. टेस्ट झाल्यावर जाळी काढून ठसा बघा, त्याचा फोटो लॉगबुकला लावा.

३. दोन कॅथोडची तुलना करायची तर दोन्हींवर कलेक्टर अगदी सारखाच हवा. रिपोर्टमध्ये जाळीचा धातू, पेस्ट आणि तारेची जाडी लिहा. वाचणाऱ्याला त्याशिवाय तुमचा आकडा वापरता येणार नाही.

४. लॉगबुकमध्ये दिसलं ते लिहा, निकाल लिहू नका. "अर्ध्या अँपिअरला व्होल्टेज अर्ध्यावर आलं" हे मी पाहिलं होतं. "कॅथोड खराब" हे मी पाहिलेलं नव्हतं.

इंटर्नशिपच्या शेवटच्या दिवशी मी लॉगबुकमधल्या तिन्ही नोंदींवर एकेक रेघ मारली, बाजूला "जाळीचा संपर्क अपुरा, चूक माझी" असं लिहून सही केली. ताईने खाली तारीख टाकली. आता तिचा थीसिस लिहून होत आलाय. परवा फोनवर म्हणाली, कलेक्टर कसा बसवायचा यावर तिने त्यात दोन पानं घातली आहेत. मी विचारलं, "माझं नाव आहे का त्यात?" ती हसून म्हणाली, "नाही गं. पण तुझी जाळी आहे."